बेचिराग गावची दिवाळी

गेली दिवाळी मी अशा एका गावी काढली, की जे गाव नकाशात नाही. गाव म्हणजे बंजाऱ्यांचा तांडा. त्रेचाळीस उंबरे, दोन हातपंप, एक अंगणवाडी, सेवालाल महाराजांचा छोटासा मठ आणि चहूबाजूंनी किनवटचे सागाचे रान. मतदारांच्या यादीत हा तांडा आहे, रेशनच्या यादीत आहे, निवडणुकीच्या दिवसांत तर तो पुढाऱ्यांच्या जिभेवर असतो. पण तलाठ्याच्या दप्तरातला गावनकाशा उलगडला, की घरांच्या जागी नुसता एक आकडा दिसतो. तो जंगलाच्या कक्षाचा क्रमांक. त्रेचाळीस चुली त्या आकड्याखाली रोज पेटतात आणि विझतात.

घरची चकली-करंजी टाकून हा उद्योग तुम्हांला कोणी सांगितला होता, असा प्रश्न आमच्या घरातूनच झाला. तेव्हा तो वाचकांच्या मनात येणेही साहजिक आहे. दोष माझ्या भाचीचा. ती कॅनडात असते. तिकडे सस्कॅचेवान नावाचा एक प्रांत आहे. गवताळ मैदानांचा मुलूख, नजर पोचेल तिथवर सपाट. तिच्या शेजारच्या शेतकऱ्याने तिला आपल्या पणजोबांच्या जमिनीचे कागद दाखवले आणि तिने ती सारी हकीकत मला मोठ्या कौतुकाने लिहून पाठवली. तिकडे १८७२ साली एक कायदा झाला. दहा डॉलर भरा, १६० एकर जमीन घ्या, तीन वर्षे तिच्यावर राहा, घर बांधा, नांगर धरा, की जमीन तुमची. मुदत भरली की शपथेवर लिहून द्यायचे : घर केवढे बांधले, किती एकर माळ फोडला, गुरे किती. हे कागद तिकडच्या सरकारी दप्तरखान्यात आजही पाहायला मिळतात. पणतू येतो, कागद काढतो, आणि पणजोबांचे मातीचे खोपटे कोणत्या कोपऱ्यात होते ते शोधत फिरतो. पडकी घरे, जुनी कोठारे, बुजलेल्या विहिरी यांचे नकाशे करण्याचा तिकडे लोकांना नादच आहे म्हणतात. शंभर वर्षे जमीन एकाच घराण्यात राहिली तर त्या घराण्याचा सन्मान होतो.

हे पत्र मी आमच्या एका स्नेह्यांना वाचून दाखवले. गृहस्थ निवृत्त मोजणीदार. नांदेड आणि लातूरकडच्या शिवारांत त्यांची हयात गेली. नाव छापू नये अशी त्यांची सक्त ताकीद आहे, म्हणून आपण त्यांना मोजणीदारच म्हणू. पत्र ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तिकडं आधी कागद आणि मग घर. आपल्याकडं आधी घर. कागदाचं काय झालं ते बघायचं असेल तर किनवटला चला माझ्याबरोबर. दिवाळीतच चला.”

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी हिमायतनगर, सहस्रकुंड करीत किनवटला पोचते. वेळ भरपूर आणि मोजणीदार बोलके. त्यांची साखळी तेहतीस फुटांची. तिचे भाग सोळा, आणि एकेका भागाला म्हणायचे आणा. रुपयातला आणा १९५७ साली मोडीत निघाला, पण साखळीतला आणा या लोकांच्या बोलण्यात अजून खुळखुळतो. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठे म्हणजे एकर. सगळा महाराष्ट्र या तेहतीस फुटांत विणलेला आहे, असे त्यांचे म्हणणे.

मी त्यांना भाचीच्याच पत्रातली एक गोष्ट सांगितली. तिकडच्या त्या मैदानांवर सरकारने मैल-मैलाचे चौरस आखायला घेतले तेव्हा तिथे माणसे नव्हती असे थोडेच होते! रेड नदीच्या काठी मेटी लोकांच्या जमिनी होत्या, नदीपासून मागे लांबच लांब गेलेल्या पट्ट्यांच्या. चौरस आखणाऱ्याला त्या पट्ट्यांचे काय? ११ ऑक्टोबर १८६९ रोजी मोजणीवाले एका मेटी शेतकऱ्याच्या गवताच्या रानात साखळी ओढू लागले, तेव्हा लुई रिएल नावाच्या तरुणाने त्या साखळीवर पाय दिला आणि मोजणी थांबवली. पुढे त्यातून मोठा उठाव झाला.

“पाय दिला काय?” मोजणीदार म्हणाले. “माझ्या साखळीवर एक म्हातारी बसली होती. दोन तास बसली. शेवटी तिच्याच हातचा चहा घेऊन आम्ही परत आलो.”

किनवट हे गाव ७८ अंश रेखांशाच्या अगदी जवळ आहे, आणि या रेखांशाला हिंदुस्थानच्या नकाशाच्या इतिहासात मोठा मान आहे. विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजली. तिथून या रेखांशाच्या आसपासने उत्तरेकडे त्रिकोणांची माळ ओवीत तो वर वर सरकत गेला. त्याचे कोन मोजायचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे. ते डोंगरावर चढवायचे, दुसऱ्या डोंगरावरच्या निशाणावर नेम धरायचा, कोन टिपायचा, की पुन्हा पुढे. वीस वर्षे हा एकच उद्योग. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याला मरण आले. त्याची कबर तिथेच आहे. पृथ्वीचा आकार किती आणि कसा हे त्या त्रिकोणांवरून ताडायचे होते. एवढ्या मोठ्या गोष्टीवर नजर असलेल्या माणसाला डोंगरमाथे तेवढे हवे असतात. मधल्या दरीत कोणाची चूल आहे हे त्याच्या दुर्बिणीला दिसले काय, न दिसले काय, सारखेच.

त्यानंतरची मोजणी साऱ्यासाठी झाली. मुंबई इलाख्यात ती आधी झाली, निजामाच्या राज्यात पुढे त्याच धर्तीवर. सारा भरते ती काळी, म्हणजे शेतजमीन. तेव्हा काळीची मोजणी आणेवार झाली आणि पांढरीभोवती, म्हणजे गावठाणाभोवती, एक रेघ ओढून आतले सारे तसेच सोडून दिले. पांढरीला पांढरी का म्हणतात हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली की चुलीची राख, भिंतींची माती, शेण, भुसा हे सारे मिसळून तिथली भुई पांढुरकी होते. घरे उठून गेली तरी मातीचा रंग राहतो. आणि उठून गेलेल्या गावाला महसुली दप्तरात एक शब्द आहे, बेचिराग. हा फारसी शब्द. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. आपण मराठी माणसांनी बोलताना त्याचे ‘बेचिराख’ केले आणि नसलेली राख त्यात शोधत बसलो.

किनवटच्या डोंगरात अशा बेचिराग जागा पावलापावलावर आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा दप्तरात बेचिराग म्हणूनसुद्धा नाहीत, कारण मुळात गाव म्हणूनच त्या कधी चढल्या नाहीत. गोंडांचा गुडा, कोलामांचा पोड, बंजाऱ्यांचा तांडा. या वस्त्या दगडी वाड्यांच्या नव्हेत. साग-बांबूचा सांगाडा, कुडाच्या भिंती, वर गवत. गोंडांच्या जुन्या रीतीत जमिनीचा कस उतरला की ती पडीत टाकायची, गुडा उचलायचा, काही वर्षे दुसरीकडे कसायचे आणि माती पुन्हा ताजी झाली की परतायचे. बाहेरच्याला हे भटकणे वाटते. आपण शेत एक वर्ष पडीत ठेवतो, ते अख्खे गाव पडीत ठेवीत. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या त्या नेमक्या या येरझारीच्या मधून. बाहेर गेलेला बाहेर राहिला, आणि त्याने पडीत ठेवलेले शेत जंगल झाले.

ही गोष्ट ज्याने शास्त्रशुद्ध रीतीने लिहून ठेवली तो माणूस व्हिएन्नाचा. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमाराम भीम गोळीला बळी पडला. गोंडांचा हा असंतोष कशापायी, हा प्रश्न निजाम सरकारपुढे उभा राहिला. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ १९४१ साली आदिलाबादच्या गोंडांत राहायला गेला, तो पुढे निजाम सरकारचा या बाबतीतला सल्लागार झाला. मारलावाई या गोंडगावी १९४३ साली गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी भाषेची पहिली वाचने छापली गेली ती आपल्या नागरी लिपीत. ‘लावणी खास’ नावाच्या नियमांखाली त्या काळी कित्येक गोंडांना जमिनीचे पट्टेही मिळाले. या माणसाच्या पत्नीचे स्मारक मारलावाईत आहे. त्या वेळी आपला किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तो नांदेड जिल्ह्यात आला.

या एका बदलाने काय केले ते मला तांड्यावर कळले.

किनवटहून आम्ही जीपने निघालो. वाटेत दंडारी भेटली. गोंडांची दिवाळी म्हणजे दंडारी. मोरपिसांचे भले मोठे मुकुट घातलेले घुसाडी, अंगाला राख, हातात दंड, बरोबर ढोल, आणि गुड्या-गुड्यांतून पायी प्रवास. ज्या गुड्याशी सोयरीक त्या गुड्याला पाहुणचार. मोजणीदारांनी जीप थांबवून त्यांतल्या एका वृद्धाला विचारले, “कुठून कुठून आले जी, पटेल?” त्याने बोटांवर सात-आठ नावे मोजली. मी खिशातला नकाशा काढला. त्यांतली तीन नावे सापडली. मोजणीदारांनी उरलेली नावे आपल्या वहीत उतरवून घेतली, आणि दोन गुड्यांमध्ये चालायला किती वेळ लागला तेही विचारून लिहिले. “हा बी नकाशाच आहे,” ते म्हणाले, “फक्त कागदावर नाही.”

तांड्यावर पोचेतो ऊन कलले होते. घराघरापुढे वेचलेल्या कापसाचे ढीग. नायकांनी घोंगडी अंथरली, पाणी आले, चहा आला आणि मग पत्र्याची एक पेटी आली. पेटीत या तांड्याच्या वनहक्काच्या दाव्यांचे कागद होते.

२००६ साली झालेला वनहक्काचा कायदा वाचकांना ऐकून ठाऊक असेल. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा तिथल्या घरावर आणि कसणुकीवर हक्क मान्य करावा, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, असा तो कायदा. आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. जो आदिवासी नाही त्याने मात्र त्या तारखेपूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वस्ती सिद्ध करायची. आता गंमत पाहा. बंजारा महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाही. सरहद्दीपलीकडे, दोन टेकड्या ओलांडल्या की तेलंगणात, तोच बंजारा १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत आला. या तांड्याच्या निम्म्या मुली पलीकडे दिलेल्या आणि निम्म्या सुना तिकडून आणलेल्या. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाला पुरावा लागतो २००५ चा, दुसऱ्याला १९३० चा. आणि १९३० साली किनवट कुठे होते? निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात, जिथे सरकारी दप्तर उर्दूत लिहिले जाई. तालुका नांदेडला आला. पण त्याच्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी आदिलाबादेच्या आणि हैदराबादच्या कपाटांत राहिल्या.

नायकांनी पेटीच्या तळातून कापडात गुंडाळलेला एक कागद काढला. हाताएवढा, पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला, उर्दूत लिहिलेला. “हा लावला होता साहेब दाव्याला,” ते म्हणाले. “परत आला. टेबलावरचा माणूस म्हणला, हितं १३३६ लिहिलंय. म्हणजे शिवाजी महाराजांच्या बी तीनशे वर्स आधीचा कागद. इतका जुना कागद खोटाच असतो.”

मोजणीदार हसता हसता लोळायचेच बाकी राहिले. मला काही कळेना. मग त्यांनी समजावले. ते फसली साल. निजामाच्या राज्यात महसुलाचे काम फसली सालाने चाले. त्यात ५९० मिळवा, की इसवी सन. १३३६ म्हणजे १९२६-२७. किनवट गावात एका जुन्या मास्तरांनी दुसऱ्या दिवशी तो कागद भिंग लावून वाचला. गुरांच्या चराईचा कर भरल्याची पावती. खाली नाव होते आताच्या नायकांच्या आज्याच्या बापाचे. १९३० च्या चार वर्षे आधी हा माणूस या रानात गुरे चारीत होता आणि सरकारला त्याचे पैसे देत होता.

“मग झालंच की काम,” मी म्हणालो.

“अर्धं झालं,” मोजणीदार म्हणाले. कायद्याखालचे नियम २००८ साली आले. त्यांतल्या १३ व्या नियमात पुराव्यांची यादी आहे आणि एकाहून अधिक पुरावे असावेत असे तो म्हणतो. पण ती यादी वाचण्यासारखी आहे. तिच्यात सरकारी कागद आहेतच. शिवाय घर, झोपडी, बांध, जमिनीची सपाटी यांसारख्या जागेवरच्या खुणा आहेत. विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थाने आहेत. जुन्या कागदात नाव असलेल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आहे, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आहे. खुद्द कायद्यातही जंगलातल्या जुन्या वस्त्या आणि न मोजलेली गावे महसुली गावे करण्याचा हक्क लिहिलेला आहे. एरवी कायद्याची भाषा मला झोप आणते. पण पडकी विहीर आणि विझलेली चूल यांना साक्षीला बोलावणारा नियम मी पहिल्यांदाच पाहिला.

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साक्षीदाराकडे निघालो, म्हणजे जुन्या तांड्याकडे. आताचा तांडा खालच्या अंगाला, जुना वर, दीड-दोन कोसांवर. पुढे नव्वदीच्या घरातली एक आजी. फेटिया-कांचळीचा जुना वेष, दंडापर्यंत चुडे, हातात काठी. सगळे तिला दादी म्हणत. मागे तिचा नातू आणि तांड्याची चार-पाच पोरे, हातात मोबाइल. रानात फोन लागत नाही, पण जागेचे अक्षांश-रेखांश त्या यंत्राला आभाळातून मिळतात, हे त्यांनीच मला शिकवले. सर्वांत मागे फीत, वही आणि लाल-निळी पेन्सिल घेतलेले मोजणीदार, आणि त्यांच्यामागे धापा टाकणारा मी.

वर गेलो तो समोर सागाचे रोपवन. सरळ ओळी, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. कडेला एक गंजका फलक : साल १९६२, क्षेत्र इतके, रोपे इतकी. झाडाझाडाची नोंद होती. मी तसे बोलून दाखवले, तर मोजणीदारांनी मला गप्प केले आणि फलकाचा फोटो आधी काढायला लावला. का, ते पुढे कळले.

दादी काठीने पालापाचोळा बाजूला करीत एका जागी थांबली आणि तिथे उकिडवी बसली. पाल्याखाली दगडांची एक ओळ होती. मग दुसरी, काटकोनात. जोते! नातवाने तिचे गोरमाटी बोलणे मराठीत आणले : “म्हणते, हे माझ्या सासऱ्याचं घर. पोलीस ॲक्शनच्या साली लग्न होऊन ती आली ती इथं. चूल तिकडच्या कोपऱ्यात होती.” पोरांनी तो कोपरा खुरप्याने उकरला. वीतभर काळी माती, मग राखट, आणि त्याखाली तीन दगड, भाजून लाल झालेले. दादीने त्यांच्याकडे पाहिले, पण काही म्हणाली नाही. फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला.

त्यानंतर चार तास मी जे पाहिले त्याला काय म्हणावे मला कळत नाही. ती पुढे चालायची आणि दगडांना नावे द्यायची. हे अमक्याचे, हे तमक्याचे. हा पोटाने मेला, हा रेल्वेच्या कामाला गेला तो गेलाच. इथे वाडगे, शंभर गुरांचे. या खडकातली उखळे सगळ्या बायांची; सकाळी कांडताना गाणी व्हायची. खडकात खरोखरीच पाच गोल खळगे होते, आतून हाताला गुळगुळीत लागणारे. पोरांनी प्रत्येक जागेवर मोबाइल धरला, मोजणीदारांनी फीत धरली. घनदाट सागाखाली त्या यंत्राचा अंदाज चार-सहा पावले इकडेतिकडे चुकतो, असे दिसून आले. तेव्हा दोन्ही आकडे लिहायचे ठरले. अकरा जोती निघाली. जात्याची एक तळी निघाली. एक विहीर, वरचे चिरे ढासळलेले, आत उंबर उगवलेला. तिच्यापलीकडे दोन चौथरे, शेंदराचा पुसट डाग असलेले. एका जोत्याच्या ऐन मध्यभागी मिठीत न मावेल असा साग उभा होता, रोपवनाच्या ओळीतला. मोजणीदारांनी त्याच्यावर हात ठेवला. “हे झाड १९६२ चं,” ते म्हणाले. “फलकच सांगतो. मग हे घर त्याच्या आधीचं, का नाही? ज्यांनी लावलं त्यांनीच तारीख टाकून ठेवली.”

जुना तांडा का उठला, असे मी दादीला विचारले. जंगलाच्या हद्दीचे दगड रोवले गेले, गुरे आत दिसली की दंड होऊ लागला, दोन पावसाळे कसेबसे काढले आणि मग खाली उतरलो, एवढेच ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. आपल्याकडे पाऊस कमी झाला असे सांगतात तसे.

परतताना पोरांनी शेजारच्या महसुली गावाची गोष्ट सांगितली. तिथे ड्रोन आला होता. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व नावाची योजना सुरू केली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला आपल्या राज्याने हा प्रयोग केला होता. गावठाणातल्या मालमत्तांच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा मारायच्या, वरून ड्रोन उडवून छायाचित्रे घ्यायची, आणि त्यावरून घराघराचा नकाशा आणि मिळकत पत्रिका. दीडशे वर्षे जी पांढरी एका रेघेत कोंडलेली होती ती अशी प्रथमच घरवार मोजली गेली. काम चांगले आहे यात शंकाच नाही. पत्रिका हाती आली की बँक दारात उभी करते. पण ड्रोन उडतो तो गावठाणाच्या हद्दीत. तांड्याला गावठाणच नाही. पोरे शेजारच्या गावी जाऊन ड्रोन बघून आली. “आपल्यावर बी आला असता की हो,” त्यांतला एक म्हणाला, “इथनं दिसत होता.”

त्या रात्री अमावास्या. बंजाऱ्यांच्या दिवाळीत या रात्री कुमारिका दिवे घेऊन घरोघरी जातात आणि वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेतात. त्याला मेरा म्हणतात. काळ्या मिट्ट रानात त्या दिव्यांची माळ एका घरातून निघून दुसऱ्या घरात शिरत होती. मोजणीदार खाटेवर बसून ओठांत पुटपुटत होते. मला वाटले जप चालला आहे. ते दिवे ज्या दारात थांबत ती दारे मोजत होते. त्रेचाळीस भरली तेव्हा त्यांनी वहीत खूण केली.

मग नायकांच्या घरी धबुकार झाला. चुलीतले निखारे ओढून त्यांवर तूप-गुळाचा घास सोडायचा आणि घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावे घ्यायची. नायक नावे घेत होते, तूप निखाऱ्यावर चरचरत होते. बाप, आजा, आज्याचा बाप. तिथे पोचल्यावर दारात उभ्या असलेल्या नातवाने एकदम माझ्याकडे पाहिले. हेच नाव चराईच्या पावतीवर होते. नायक त्याच्याही पलीकडे चार नावे गेले, न अडखळता. सगळे आटोपल्यावर त्या पोराने वडिलांना ती नावे पुन्हा सांगायला लावली आणि वहीत एकाखाली एक लिहून काढली. नायकांना ते फारसे रुचले नाही. “हे लिहायचं नसतं, म्हणायचं असतं,” ते म्हणाले, पण सांगितली.

तो दावा ग्रामसभेने पुन्हा मंजूर करून वर पाठवला आहे. बरोबर अकरा जोत्यांचा हातनकाशा आहे, दादीचा अंगठ्याचा जबाब आहे, वंशावळ आहे, आणि मास्तरांनी करून दिलेले पावतीचे मराठी रूपांतर आहे, त्यात फसलीचा हिशेब ठळक अक्षरांत. हे लिहीपर्यंत त्यावर निकाल झालेला नाही. दादी उन्हाळ्यात गेली.

निघायच्या दिवशी पाडव्याची सकाळ. आमची जीप तयार होती आणि मोजणीदारांचा पत्ता नव्हता. तांड्याच्या मुली रानातून फुले तोडून आणतात त्या दिवशी, शेणाच्या गोवर्धनावर वाहायला. त्या टोपल्या भरून गात परत येत होत्या आणि आमचे मोजणीदार वाटेतच त्यांना अडवून उभे होते. वरच्या विहिरीवरून आलात का, का नाल्याच्या अंगाने, असे विचारत होते. मुली लाजून हसत होत्या. शेवटी एकीने सांगितले, विहिरीवरून. दरसाल तिथूनच, आमच्या आया पण तिथूनच आणायच्या. त्यांनी तिथेच जीपच्या बॉनेटवर हातनकाशा पसरला आणि जुन्या तांड्यापासून नव्या तांड्यापर्यंत निळ्या पेन्सिलीने टिंबाटिंबांची वाट काढली.